मंडळाचा लॅपटॉप सर केला त्याची हकीकत

श्रीगजाननाचे पायी मस्तक ठेवून, आणि स्मरणिकेचे संपादकांनी "दोन-चार पानं लिहून दे, पण कोणाचं मन दुखवू नको" ऐसी आज्ञा केली तिचा पूर्वार्ध शिरसावंद्य मानून, हे वर्तमान लिहावयास घेतले आहे. पूर्वी लोकांनी किल्ले घेतले, ठाणी बसविली, त्यांचे कागद जागोजाग आहेत. परंतु भाद्रपदमासी, जबलपूर सुभ्यात, रांझी मुक्कामी, मंडळाचे हॉलात एका काळ्या लॅपटॉपास वेढा पडला, आणि कोण आडवे आले, कोणी रसद तोडिली, अखेर फत्ते कोणाची जाहली, हे आज न लिहिले तर उद्या ज्याने त्याने त्यात आपले नाव घुसवावे ऐसी मंडळाची रीत आहे. सबब जैसे जाहले तैसे लिहिले आहे. क्वचित थोडे वाढविले असेल, ते शोभेपुरते.

रांझी म्हणजे कारखान्याचे गाव. भोंगा वाजला की घड्याळे लावावी, भोंगा वाजला की कुकर उतरावा. येथे वऱ्हाड-नागपुराकडून नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे राहून आहेत, आणि त्यांचे घरात मराठी, दारात हिंदी, भांडणात दोन्ही. या कुटुंबांचे एक मंडळ, मंडळाचा एक हॉल, हॉलात एक लोखंडी कपाट, आणि कपाटात तो लॅपटॉप. तो बंडूकाकांचे पुतणे सुमेध यांनी पुण्याहून आणून दिला. त्यांनी स्वतःस नवा घेतला, आणि जुना मंडळास अर्पण करून अर्पण करतानाचा फोटो काढून घेतला, आणि त्यात लिनक्स टाकून दिले, कारण ते फुकट असते, आणि फुकट म्हटल्यावर कार्यकारिणीने अधिक चौकशी केली नाही.

त्या समयी मंडळाचे अध्यक्ष बंडूकाका, आणि सचिव श्रीकांतकाका. बंडूकाकांची कीर्ती काय वर्णावी. हयातभर कारखान्याचे स्टोअर सांभाळिले आणि पावतीवाचून कोणास एक नट दिला नाही, खासा मोठा साहेब आला तरी त्यास खिडकीबाहेर उभा केला. श्रीकांतकाका रेल्वेतले, हिरवे निशाण पाहिल्यावाचून स्वतःचे घराचा उंबरठा न ओलांडणारे. या उभयतांपुढे सुमेधने लॅपटॉप ठेविला आणि विनंती केली की यात एक सर्वाधिकारी खाते असते, नवे काही आत घालावयाचे अथवा बाहेर काढावयाचे तर तेच करू शकते, बाकीचे खात्यांनी नुसते पाहावे, तर या खात्याचा पासवर्ड कोणी ठेवावा?

मग बंडूकाकांनी स्टोअरचा दाखला दिला. स्टोअरात मोठ्या कपाटास दोन कुलुपे, दोन किल्ल्या दोघांपाशी, एकट्याने उघडावे ऐसी सोयच नाही. तोच कायदा येथे लागू जाहला. पासवर्डाची दोन शकले केली, आणि मानाप्रमाणे आधी अध्यक्षांनी आपले अर्धे टाकिले, तोवर सचिव भिंतीकडे तोंड करून उभे, मग सचिवांनी आपले अर्धे टाकिले, तोवर अध्यक्ष भिंतीकडे तोंड करून उभे. एकाचे अर्धे दुसऱ्यास आजतागायत ठाऊक नाही. सुमेधने यास हरकत घेतली नाही, कारण त्याची गाडी सुटत होती.

याउपरी आणखी एक खाते काढिले, त्याचे नाव "महिला-बाल". मंडळातील यच्चावत बायका आणि यच्चावत पोरे यांस मिळून ते एकच, आणि त्यास अधिकार एवढाच की फोटो पाहावे आणि आरत्या ऐकाव्या.

पुढे जिलबीचे प्रकरण उद्भवले. श्रीकांतकाकांचे म्हणणे, जबलपुरात राहावे आणि गणपतीस खव्याची जिलबी दाखवू नये हा या शहराचा उघड अपमान आहे. बंडूकाकांचे म्हणणे, गणपतीस मोदक, जिलबी ज्यास पाहिजे त्याने बाजारात कमानिया गेटावर उभे राहून खावी. यावरून तट पडले, निवडणूक लागली, आणि श्रीकांतकाका अध्यक्ष जाहले, आणि बंडूकाकांची समजूत म्हणून त्यांस सचिवपद दिधले, आणि त्या दिवसापासून उभयतांचे बोलणे बंद. अध्यक्ष आणि सचिव परस्परांशी बोलत नसता मंडळ कैसे चालते, ऐसे कोणी पुसेल, तर पूर्वीपेक्षा बरे चालते.

अशा राज्यात कुमारी प्रणाली, इयत्ता अकरावी, चष्मेवाल्या, सायकलस्वार, या उदयास आल्या. त्यांनी शाळेचे संगणककक्षात बसून एक प्रश्नमंजुषा स्वहस्ते रचिली. पडद्यावर जबलपूरचे एखादे ठिकाण दिसावे, मग प्रश्न यावा, उत्तर चुकले तर म्हैस ओरडावी, बरोबर आले तर ढोल वाजावा, आणि कोणाचे गुण किती ते बाजूस आपोआप चढत जावे. म्हशीचा आवाज त्यांनी स्वतः गोहलपुरचे गोठ्यात जाऊन भरून आणिला. ही मंजुषा उत्सवाचे शनिवारी, आरतीनंतर, समस्त मंडळासमोर चालवावी ऐसा त्यांचा मनसुबा. त्यांनी कार्यकारिणीस अर्ज केला, आणि कार्यक्रमपत्रिकेत छापून आले ते येणेप्रमाणे: "कु. प्रणाली: रांगोळी (अथवा क्विझ, जमल्यास)."

त्या "जमल्यास" शब्दाची जखम खोल गेली. रांगोळीशी प्रणालीबाईंचे वैर नव्हते. परंतु मंडळात मुलगी म्हणजे रांगोळी हा ठराव कोणी न करिता पास जाहला होता, आणि त्यांची रांगोळी दरसाल कासवासारखी दिसे, मोर काढिला तरी. शिवाय ऐसे ठरले होते की आरतीपर्यंत क्विझ उभी न राहिली तर ती वेळ अतुलभैयांचे अंताक्षरीस द्यावी. अतुलभैया म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजचे दुसरे वर्षाचे सरदार, मोटरसायकलवर येणारे, कानात काहीतरी घातल्यावाचून न फिरणारे. त्यांचे नावापुढे "जमल्यास" लिहिलेले नव्हते.

शनिवारी दुपारी जेवणे आटोपून बाईंनी हॉलात मोर्चा लाविला. बंडूकाकांनी कमरेची किल्ली काढून कपाट उघडिले, आणि लॅपटॉप टेबलावर ठेवून स्वतः खुर्ची टाकून शेजारी बसले, जैसे कोणी तो उचलून गल्लीत विकणार. बाईंनी "महिला-बाल" खात्यातून प्रवेश केला, पेनड्राइव्ह लाविला, मंजुषा चालविली, तो यंत्राने उत्तर दिले की चित्रे आणि आवाज दाखविणारे पॅकेज येथे नाही, ते आधी आत घ्या. मग बाईंनी हुकूम टंकावयाची काळी खिडकी उघडून पॅकेज आत घेण्याचा हुकूम सोडिला. यंत्राने कळविले, परवानगी नाही. मग सर्वाधिकाराचे नावे तोच हुकूम सोडिला. तेव्हा यंत्राने जे लिहिले त्याचा तर्जुमा ऐसा: "महिला-बाल हे नाव अधिकाऱ्यांचे यादीत नाही. हा प्रकार वर कळविण्यात येईल."

बंडूकाकांनी चष्मा चढवून ते वाचिले, आणि त्यांची मुद्रा प्रसन्न जाहली.

"पाहिलं का," ते म्हणाले, "वर कळवून राहिलं. असं पायजे काम."

"काका, वर म्हणजे कोणाले?"

"मले. मी सचिव आहो ना."

आणि त्यांनी खिशातून मोबाइल काढून हाती धरिला, आणि कळविलेले येण्याची वाट पाहू लागले. ते येणार नव्हते. ऐसे निरोप यंत्र आपलेच पोटात लिहून ठेविते, आणि तेथे जाऊन ते कोणी वाचीत नाही. परंतु हे सांगितल्याने काकांचा आनंद जाता, म्हणून बाईंनी मुद्द्यास हात घातला आणि पॅकेज टाकण्याची परवानगी मागितली.

"काहून पायजे?"

"त्याच्याशिवाय चित्र दिसत नाही, आवाज येत नाही."

"मग चित्राशिवाय कर ना. तोंडी विचार. आमच्या वेळेस तोंडीच होतं."

"तोंडी विचारायले लॅपटॉप कशाले लागते, काका?"

"तेच तर मी म्हणून राहिलो."

ऐसा पहिला हल्ला मोडला.

इतक्यात मोटरसायकल वाजली आणि अतुलभैया दाखल जाहले, आणि आता जे घडले ते ध्यानात धरण्याजोगे आहे. बंडूकाकांनी त्यांस काहून पायजे ऐसे पुसले नाही. खुर्ची दिली, लॅपटॉप फिरवून त्यांचेकडे केला, आणि "बघ रे जरा, तुम्ही इंजिनिअर लोक" ऐसे म्हणाले. अतुलभैयांनी काळ्या खिडकीकडे पाहिले, दोन बटणे दाबिली, त्यांसही यंत्राने तेच उत्तर दिले, आणि वर कळविण्याचेही सांगितले. मग ते खुर्चीत मागे रेलून निवाडा देते जाहले.

"अंकल, इसको तो फॉर्मेट मारना पड़ेगा."

"मारून टाक," बंडूकाका म्हणाले, "इंजिनिअर पोरगा सांगते म्हणजे विचार करूनच सांगत असंल."

फॉर्मेट म्हणजे लॅपटॉपात जे जे आहे ते ते पुसून मैदान करणे. ही तोफ डागली जाती तर मंजुषेची वेळही तीत उडाली असती, कारण मैदान करून पुन्हा वस्ती बसवावयास संध्याकाळ पुरती ना. बाईंनी प्रसंग ओळखिला, आणि भांडण न करिता, लॅपटॉप हळूच आपलेकडे ओढून फोटोंचे दालन उघडिले. त्यात बंडूकाका अध्यक्षपदी असतानाचे फोटो. फेटा बांधलेले, नारळ फोडताना, पाहुण्यांस शाल घालताना, पाहुणे निघून गेल्यावर तीच शाल स्वतः घालून. बाईंनी एकेक दाखविला आणि अदबीने कळविले की फॉर्मेट मारल्यावर यातील एकही राहणार नाही.

बंडूकाकांनी लॅपटॉपाचे झाकण हलके मिटविले.

"तू अंताक्षरीची तयारी कर, अतुल," ते म्हणाले.

अतुलभैया उठले, आणि जाताना बोलून गेले की तयारी कसली, सहा वाजता तर मीच येणार आहे स्टेजवर. हे वाक्य बाईंनी जपून ठेविले.

आता मार्ग एकच उरला, की पासवर्डाची दोन शकले एके ठिकाणी आणावी. बंडूकाका तर तेथेच होते, परंतु श्रीकांतकाकांस मीच काय म्हणून बोलवू, त्यांनी यावे, ऐसा त्यांचा पण. बाई सायकलवरून श्रीकांतकाकांकडे गेल्या, तो त्यांचा पण, सचिवांचा लेखी निरोप आल्यावाचून अध्यक्ष जात नसतो. बाईंनी ऐसे दोन पण जोडून पाहिले, त्यांतून काही निघेना. मग त्या हॉलाचे मागील बाजूस स्वयंपाकघरात जाऊन एका पातेल्याआड बसल्या, आणि डोळ्यांत आलेले पाणी कांद्याचे नावे लिहिले.

तेथे सत्यभामाकाकू होत्या. महिला शाखेच्या प्रमुख, श्रीकांतकाकांच्या पत्नी, प्रसादाचे कढईच्या मालक. त्यांनी पुसले, काय झालं वं, आणि बाईंनी सांगितले, आणि सांगता सांगता खात्याचे नावही सांगितले. काकूंचा झारा हातात थांबला.

"काय नाव म्हणली?"

"महिला-बाल."

"म्हणजे मी, आणि शेजारच्या शकुचा तो शेंबडा पोट्टा, एकाच खात्यात?"

"हो काकू."

"आणि यांचं?"

"काकांचं वेगळं आहे. सगळे अधिकार असलेलं."

काकूंनी शांतपणे झारा ठेविला आणि गॅस बंद केला, आणि सिलिंडराचाही कॉक फिरविला, आणि हुकूम जारी केला की लॅपटॉप सुरू होईतो कार्यकारिणीस चहा नाही, पोहे नाहीत, आणि संध्याकाळचे प्रसादाचेही मग पाहू. हा हुकूम मोबाइलवरून श्रीकांतकाकांस रवाना जाहला. मोठमोठे गड तोफांनी पडले नाहीत ते रसद तुटल्याने पडले. श्रीकांतकाकांची खासी स्वारी चप्पल उलटसुलट घालून हॉलात दाखल जाहली, हिरव्या निशाणाची वाट न पाहता.

मग उभयता टेबलाचे दोन बाजूंस बसले, एकाचे तोंड दाराकडे, दुसऱ्याचे खिडकीकडे, आणि मध्ये प्रणालीबाई. बाईंनी काळ्या खिडकीतून सर्वाधिकारी खाते मागितले, यंत्राने पासवर्ड पुसला. अध्यक्ष या नात्याने पहिला मान श्रीकांतकाकांचा. बंडूकाका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. श्रीकांतकाकांनी एका बोटाने टाकावयास घेतले, आणि दचकले, कारण त्या खिडकीत पासवर्ड टाकिताना काही म्हणता काही दिसत नाही, अक्षर नाही, टिंब नाही.

"हे काही उमटून नाही राहिलं."

"उमटत नाही काका, तसंच असते. टाका तुम्ही."

त्यांनी टाकिले. मग ते भिंतीकडे वळले, आणि बंडूकाकांनी आपले अर्धे टाकून एंटर दाबिले. यंत्र म्हणाले, चूक.

"विचार त्यांना," श्रीकांतकाका भिंतीस म्हणाले, "टाकलं का नुसतं बोट फिरवलं."

"सांग त्यांना," बंडूकाका म्हणाले, "स्टोअरमध्ये माझं एक वॉशर इकडचं तिकडं झालं नाही. स्वतःचं आठवते का ते पाहा म्हणा."

पुन्हा टाकिले, पुन्हा चूक. कॅप्स लॉक तपासला. श्रीकांतकाकांनी चष्मा बदलिला. पुन्हा चूक. बाहेर मांडवात स्पीकरवर अतुलभैया "हॅलो, हॅलो, माइक चेक" करू लागले, आणि मांडवातली पोरे त्यांचेभोवती जमू लागली. बंडूकाका म्हणाले की याला फॉर्मेटच बरा होता, फोटो काय, आठवणी मनात असतात. श्रीकांतकाका म्हणाले, सांग त्यांना, हे पहिलं शहाणपणाचं बोलले. जिलबीनंतर प्रथमच उभयतांचे एकमत जाहले, आणि ते नेमके बाईंविरुद्ध.

बाईंनी पंख्याकडे पाहिले. मग कपाटाकडे पाहिले. मग एक साधा प्रश्न केला.

"काका, पासवर्ड ठेवला तेव्हा अध्यक्ष कोण होतं?"

निवडणुकीचे निकालानंतर प्रथमच उभयतांनी एकाच वेळी टेबलाकडे तोंड केले. 

तर मर्म हे होते. शकले दोन्ही अचूक होती, स्मरणशक्ती उभयतांची शाबूत होती. परंतु पासवर्ड ठेविला तेव्हा अध्यक्ष म्हणून पहिले अर्धे बंडूकाकांचे, आणि दुसरे श्रीकांतकाकांचे. मध्यंतरी खुर्च्या बदलल्या, मान बदलला, आणि मानाप्रमाणे आज उलट टाकीत होते. यंत्रास मंडळाची निवडणूक कोणी कळविली नव्हती.

मर्म उमगले, परंतु पेच तसाच. अध्यक्षास म्हणावे, तुम्ही मागाहून टाका, सचिवास पुढे होऊ द्या, तर श्रीकांतकाका चप्पल घालून चालते होणार, आणि बंडूकाका ती विजयाची वार्ता वर्षभर गल्लीत वाटणार. बाईंनी क्षणमात्र विचार केला आणि श्रीकांतकाकांपुढे अदबीने उभ्या राहिल्या.

"काका, आपल्या मंडळात अध्यक्षीय भाषण कधी असते?"

"शेवटी. हे काय विचारून राहिली?"

"सचिवाचं आधी, प्रास्ताविक म्हणून. बरोबर ना? आणि अध्यक्ष समारोप करते. मग अध्यक्षांनी पहिले टाकायचं हे बरं दिसत नाही. लोक म्हणतील, यांचा समारोपच झाला नाही."

श्रीकांतकाकांनी विचार केला. त्यांची मान हळूहळू ताठ होत गेली.

"अच्छा," ते म्हणाले, "सांग त्यांना. प्रास्ताविक करा म्हणा. थोडक्यात."

बंडूकाका पुढे आले. त्यांस कळले होते, हे त्यांचे मिशीवरून स्पष्ट दिसत होते, परंतु ते काही बोलिले नाहीत, आणि ही गोष्ट त्यांचे खात्यात जमा धरावी. त्यांनी आपले अर्धे टाकिले आणि भिंतीकडे वळले. मग श्रीकांतकाकांनी घसा साफ केला आणि समारोप केला. एंटर दाबिले. खिडकीत नवी ओळ उमटली, आणि तिचे आरंभी सर्वाधिकाऱ्याची खूण होती. गड उघडला.

काकूंचे मोबाइलवरून इंटरनेट घेतले आणि पॅकेज आत येऊ लागले, नर्मदेचे उन्हाळ्यातले पाणी जैसे यावे तैसे. उभयता काका चहाकडे धावले. हॉलात बाई एकट्या, आणि पुढ्यात ती खिडकी, जी आता काहीही ऐकावयास तयार. बाईंनी "प्रणाली" नावाचे खाते निर्माण केले, आणि त्यास सर्वाधिकाऱ्यांचे यादीत घातले. मग थोडा विचार करून आणखी एक खाते काढिले, त्यास कोणताच अधिकार ठेविला नाही, आणि त्याचे बारसेही तेथल्या तेथे उरकिले.

बाहेर आरती सुरू जाहली, घालीन लोटांगण आले, मंत्रपुष्पांजली आली, आणि मंत्रपुष्पांजलीचे अखेरचे ओळीस पडद्यावर धुआँधार धबधबा दिसला, आणि प्रश्न आला. अतुलभैया पहिले रांगेत बसले होते, हात वर करून उभे राहिले, उत्तर दिले, आणि गोहलपूरची म्हैस भर मांडवात ओरडली. मांडव दणाणला. त्यानंतर त्यांचे नावे ती आणखी ओरडली, आणि जपून ठेविलेल्या वाक्याची फेड जाहली. सर्वांत अधिक गुण सत्यभामाकाकूंस पडले, आणि त्या कढई सोडून पडद्यासमोर उभ्या होत्या, म्हणून प्रसादाच्या जिलब्या थोड्या करपल्या, आणि मोदकही होते, आणि दोन्ही संपले.

आता विजयाची नोंद. पुढील बैठकीत कार्यकारिणीने ठराव केला की पुन्हा भिंतीकडे तोंड करणे उभयतांचे कंबरेस सोसणार नाही, सबब लॅपटॉपाचा कारभार कुमारी प्रणाली यांजकडे द्यावा. ठराव सचिवांनी मांडिला, अध्यक्षांनी समारोप केला. "महिला-बाल" खाते मोडून काढिले. महिलांस स्वतंत्र, बालांस स्वतंत्र, आणि सत्यभामाकाकूंस त्यांचे नावाचे, अधिकारांसकट.

त्यानंतर एके दुपारी बंडूकाकांस लॅपटॉपात पंचांग टाकावयाचे मनात आले. कपाट त्यांनीच उघडिले, कारण किल्ली अद्याप त्यांचेच कमरेस आहे आणि ती मागण्याची प्राज्ञा अध्यक्षांसही नाही. बसले, आपले वाट्यास आलेल्या खात्यातून हुकूम सोडिला, आणि यंत्राने त्यांस लिहून दिले: "ज्येष्ठ-पुरुष हे नाव अधिकाऱ्यांचे यादीत नाही. हा प्रकार वर कळविण्यात येईल."

काकांनी चष्मा चढवून ते पुन्हा वाचिले. मग हॉलाचे दुसरे टोकास बाई अभ्यास करीत होत्या तेथे आले.

"तुले काही कळवलं का त्यानं?"

"नाही काका. अजून आलं नाही."

"पंचांग टाकायचं होतं."

"काहून पायजे?"

काकांनी बाईंकडे पाहिले. रागावतील ऐसे वाटले, रागावले नाहीत. जन्मभर खिडकीचे आत बसलेल्या माणसाने पहिल्यांदा खिडकीबाहेर उभे राहून पाहावे, तैसे ते उभे होते. मग म्हणाले, श्रीकांतच्या नातीचं बारसं आहे, मुहूर्त पाहायचा आहे, त्यानंच सांगितलं. त्यानंच, म्हणजे तोंडाने.

बाई उठल्या, लॅपटॉपापुढे बसल्या, काळी खिडकी उघडिली, आणि यंत्राने पासवर्ड पुसला. बाईंनी काहीच सांगितले नव्हते, तरी काका वळले आणि भिंतीकडे तोंड करून, हात मागे बांधून, स्टोअरचे शिस्तीने उभे राहिले.

येणेप्रमाणे मंडळाचा लॅपटॉप रांझी मुक्कामी सर जाहला, आणि दोन कुलुपांचा कायदा तसाच कायम राहिला: किल्ली बंडूकाकांची, पासवर्ड प्रणालीचा, एकट्याने उघडावे ऐसी सोय नाही. पंचांग घातले आहे. हे खरे म्हणून रुजू केले.